लाल झग्याच्या आतला माणूस

प्रिय पोरी,

तू पाठवलेली कॉपी बघितली. इटालियन चित्रकार बातोनीने काढलेल्या कार्डिनल कोलोन्नाचा चेहरा छान उतरलाय, डोळे तर फारच, पण झगा मात्र ट्यूबमधला लाल घेऊन पटकन भरून टाकलास ना? अगं, अठराव्या शतकातल्या इटलीत धर्मगुरूचं पोर्ट्रेट म्हणजे एकाच कॅनव्हासवर पद पण काढायचं आणि माणूस पण, आणि पद कपड्यातूनच कळायचं. बिशप जांभळा, कार्डिनल लाल, पोप पांढरा.

त्या काळच्या चित्रकार क्रेस्पीचंच बघ. बोलोन्याचे आर्चबिशप कार्डिनल लांबेर्तिनी यांचं पोर्ट्रेट त्याने काढायला घेतलं आणि १७४० मध्ये तेच पोप झाले, चौदावे बेनेडिक्ट. मग क्रेस्पीने त्याच चित्रात कार्डिनलचे कपडे बदलून पोपचे केले! ते चित्र आज व्हॅटिकनमध्ये आहे. मला ते फार आवडतं, कारण पद बदललं तरी आतला गुबगुबीत, बोलका माणूस तोच राहिलाय.

आता तुझा लाल. बेर्गामोचा चित्रकार फ्रा गाल्गारियो स्वतःच मठात राहणारा साधू होता, आणि त्याच्या पारदर्शक लाल रंगांची ख्याती होती. त्या रंगांना इटालियनमध्ये लाक्का म्हणतात, आणि तो शब्द आपल्या लाखेवरूनच तिकडे गेलाय, म्हणजे जुन्या कुलुपांवर सीलला लावतात तीच लाख. असा रंग एका थरात येतच नाही. आधी खाली घड्या, उजेड, सावली सगळं अपारदर्शक रंगात नीट बसवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग तेलात पातळ केलेला पारदर्शक लाल वरून चढवायचा, परत वाळू द्यायचं, परत चढवायचा. उजेड त्या थरातून आत जातो आणि खालच्या रंगावर आपटून परत येतो, म्हणून रेशीम आतून पेटल्यासारखं दिसतं. तू मात्र क्विनाक्रिडोन नावाचा आजचा पक्का पारदर्शक लाल वापर, जुने लाक्का रंग उजेडाने उडतात.

बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्युझियममधलं कोलोन्नाचं मूळ चित्र झूम करून कोपराजवळच्या घड्या बघ, अर्धा तास नुसतं बघ, ब्रश हातात घेऊ नकोस.

आणि हो, झगा खरवडून टाकू नकोस. त्याच्यावरच सावल्या गडद कर, आठवडाभर वाळू दे, मग पहिला ग्लेझ, म्हणजे तो पारदर्शक लाल थर, चढव आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढून पाठव.

तुझी,
मॅडम