लिंक बंद पडली तरी डिफॉल्ट रूट जाहीर का होत राहतो?

तुमचं म्हणणं असं: बाहेरच्या टोकाला दोन एज राउटर, दोन आयएसपी (इंटरनेट देणाऱ्या कंपन्या), आत ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायचा प्रोटोकॉल. पहिल्या आयएसपीचं नेट गेलं तरी ट्रॅफिक त्याच राउटरकडे जातं आणि तिथेच गडप होतं.

तुम्ही डिफॉल्ट जाहीर करणाऱ्या 'डिफॉल्ट-इन्फॉर्मेशन ओरिजिनेट' या कमांडपुढे 'ऑल्वेज' लिहिलंय, पहिली गोम तिथे आहे. 'ऑल्वेज' असलं की स्वतःकडे 0.0.0.0/0 (हाच डिफॉल्ट, वेगळा मार्ग नसलेल्या सगळ्या पत्त्यांसाठीचा रूट) आहे का, हे राउटर बघतच नाही. ते काढा, म्हणजे रूटिंग टेबलमध्ये डिफॉल्ट असेल तरच तो आत जाहीर होईल.

पण तेवढ्याने भागणार नाही. एका कारखान्यात मी रात्री दोनला हेच शोधत होतो. बाहेर खोदकामात फायबर तुटली होती. राउटर आणि मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या केबलशी जोडणारी डबी) यांच्यामधली हातभर केबल मात्र शाबूत, पोर्टचा हिरवा दिवा चालू. इंटरफेस अप, म्हणून स्टॅटिक (हाताने लिहिलेला) डिफॉल्ट टेबलमध्ये, म्हणून आत जाहीरही!

म्हणून स्टॅटिक रूट 'ट्रॅक'ला (तपासणी फसली की रूट काढून टाकणारी सोय) बांधा आणि आयपी एसएलएने (राउटरची स्वतःहून तपासणी करत राहायची सोय) आयएसपीच्या पलीकडचा पत्ता पिंग करत राहा, समजा 8.8.8.8. फक्त त्या एका पत्त्याचा (/32) रूट पहिल्या आयएसपीच्या गेटवेवरून पक्का करायला विसरू नका. नाहीतर डिफॉल्ट टेबलमधून गेल्यावर तेच पिंग दुसऱ्या राउटरमार्गे यशस्वी होतं, डिफॉल्ट परत येतो, पिंग पुन्हा पडतं, आणि सगळं नेटवर्क हेलकावे खात राहतं. ट्रॅकला डिलेही द्या. मी डाउनला 10 आणि अपला 60 सेकंद ठेवतो.

आयएसपीशी बीजीपी (दोन वेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांना रूट कळवायचा प्रोटोकॉल) असेल तर मी रूट-मॅपच, म्हणजे रूटसाठीच्या अटींची यादी, निवडेन. सिस्कोवर रूट-मॅप लावला की त्यात बसणारा रूट टेबलमध्ये असेल तरच डिफॉल्ट जाहीर होतो, आणि 'ऑल्वेज' धरलंच जात नाही. अट म्हणून आयएसपीकडून शिकलेला, त्यांच्या राउटरच्याही मागचा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) घ्या. तुमच्या वॅन लिंकचा (आयएसपीकडे जाणाऱ्या जोडणीचा) /30 घेऊ नका, पोर्ट अप आहे तोवर तो टेबलमध्ये राहणारच. त्यांच्याकडून आलेल्या डिफॉल्टवरही विसंबू नका. त्यांच्या बाजूला तुमच्या 'नेबर'खालची 'डिफॉल्ट-ओरिजिनेट' कमांड बिनअटीची असेल, तर त्यांच्या राउटरचं पुढचं सगळं तुटलं तरी तो राउटर तुम्हाला डिफॉल्ट देतच राहतो.

चाचणी घेताना राउटरची केबल काढू नका, तो प्रसंग सोपा आहे. कन्व्हर्टरच्या पलीकडची फायबर काढा आणि आतल्या एखाद्या राउटरवर ओएसपीएफ डेटाबेस बघा. पहिल्या राउटरची 0.0.0.0 ची टाइप 5 (ओएसपीएफच्या बाहेरून आलेल्या रूटची) नोंद गेली आणि दुसऱ्याची राहिली, की काम झालं.