पाकिटावरून तिकीट काढू नकोस

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या चाळीसगावच्या आडत दुकानातल्या त्या पाकिटाचा फोटो मी मोठा करून तीनदा पाहिला. कुटुंबनियोजनाचं ५ पैशांचं लालसर तिकीट आणि त्यावर जांभळ्या शाईत तिरपं उमटलेलं ‘रेफ्युजी रिलीफ’. हे ओव्हरप्रिंट, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर नंतर उमटवलेले शब्द, चाळीसगावच्याच पोस्टातलं, असं तुझं म्हणणं. असेलही. पण वहीत तसं लिहायची घाई नको, आणि तिकीट पाण्यात तर मुळीच टाकू नकोस. मी पोरवयात टाकलं होतं. वाटीतलं पाणी जांभळं झालं आणि हाती साधं ५ पैशांचं तिकीट उरलं. ती हळहळ अजून जात नाही.

१९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित आले. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैसे जादा लागू झाले, पण खास तिकीट निघालं १ डिसेंबरला. मधल्या काळासाठी नाशिकच्या छापखान्याने ओव्हरप्रिंट काढलं. शिवाय बंगळूर, जयपूर, दिल्ली, गोवा अशा ठिकाणी स्थानिक ओव्हरप्रिंटही झालं. म्हणून तर त्या दोन शब्दांची इतकी रूपं सापडतात.

आता दहापट भिंग घे. टपालाचा काळा शिक्का जांभळ्या अक्षरांच्या वरून गेलाय का? जांभळी शाई काळ्यावर चढलेली दिसली, तर ती मागाहून कुणीतरी मारलेली. अक्षरं तिकिटाची कड ओलांडून पाकिटावर उतरली असतील, तर हा जांभळा शिक्का तिकीट चिकटवल्यावर पडला. तो पोस्टाच्या खिडकीवर की कितीतरी वर्षांनी, हे मग शोधावं लागेल. साधी तिकिटं मुबलक आहेत आणि रबरी शिक्का कुणीही करून घेतो. म्हणून सुट्या, कोऱ्या तिकिटावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि तारखेचा शिक्का सांगतो तो पत्र कुठून निघालं एवढंच. व्यापारी माणूस भुसावळला तिकिटं घेऊन चाळीसगावात पत्र टाकू शकतो. दुकानात तारेला ओवलेली जुनी पत्रं असतील, तर त्याच आठवड्यातली आणखी शोध. ओव्हरप्रिंटमधला तोच तुटका इंग्रजी ‘आर’ दोन-तीन पाकिटांवर भेटला, तर बोलता येईल.

तोवर चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘ओव्हरप्रिंटचं ठिकाण अनिश्चित’ असं लिहून ती पाकिटासोबत ठेव. दिवाळीच्या सुट्टीत ते घेऊन धुळ्याला ये. माझ्याकडे पाचोऱ्याचं एक आहे, दोन्ही ‘आर’ शेजारी ठेवून बघू.

तुझा,
काका