घोटा परत मुरगळला, चोळून घेऊ का?

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी १५ वर्षांची आहे, शाळेच्या टीममधून खो-खो खेळते. परवा खांबाजवळ वळताना पाय आत वळला आणि घोटा टम्म सुजला. वर्षभरात ही दुसरी वेळ. एक्सरेत फ्रॅक्चर नाही. सासूबाई म्हणतात चोळून नस बसवून घ्या आणि गरम पाण्याने शेका. स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीये, काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, चोळून अजिबात घेऊ नका. पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ताणला जातो, कधी थोडा फाटतो, यात नस सरकलेलीच नसते मग बसवणार काय, उलट रगडल्याने सूज वाढते. शेक पण पहिले दोन-तीन दिवस नको. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत जा, मुंग्या आल्या तर लगेच सैल करा, आणि झोपताना पायाखाली दोन उशा. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर गार आणि हलक्या हाताने.

एक्सरे नॉर्मल आहे हे बरंच, पण या वयात हाडाच्या टोकाशी जी वाढीची पट्टी असते तिची इजा एक्सरेत कधीकधी दिसत नाही. घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर हाडांच्या डॉक्टरांना परत दाखवा.

आता दुसऱ्यांदा का मुरगळला ते. पाय वाकडा पडतोय ही खबर मेंदूला देणारे मज्जातंतू त्या लिगामेंटमध्येच असतात, दुखणं थांबलं तरी ती खबर उशिराच पोचत राहते, आणि बहुतेक मुली नेमक्या तेव्हाच मैदानात उतरतात. म्हणून सूज उतरायला लागली की पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगा, मग टाचा उचलणं, मग भिंतीजवळ एका पायावर ३० सेकंद, ते जमलं की डोळे मिटून. हे रोज, आणि बरं वाटल्यावरही दोन-तीन महिने, यात कंटाळा नको.

स्पर्धेचं तारखेवर ठरवू नका. त्या पायावर न दुखता उड्या मारता आल्या, नागमोडी पळून झटकन वळता आलं, तरच खेळू दे, तेही घोट्याला ब्रेस, म्हणजे आधार देणारा पट्टा, लावून. हे शाळेच्या सरांनाही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तिच्यावर दबाव येणार नाही.