चेटकिणीतला चेट

परदेशी अलौकिक मालिकांच्या मराठी अनुवादात जादू करणारा पुरुष 'मांत्रिक' होतो आणि तेच करणारी स्त्री मात्र 'चेटकीण' किंवा 'हडळ' होते. मग चेटकीण या शब्दाला पुल्लिंगी रूपच नाही का, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे.

'हडळ' आधी बाजूला काढू, कारण हा गैरवापर ऐकून कान किटले आहेत. हडळ हे मेलेल्या स्त्रीचे भूत, तर चेटकीण ही हाडामांसाची जिवंत बाई. हातात विद्या आहे एवढ्यावरून जिवंत बाईला भुतांत जमा करणे ही शब्दाची चूक नसून पूर्वग्रह आहे.

खरा आनंद 'चेटूक' या शब्दात आहे. संस्कृतात चेट किंवा चेटक म्हणजे सेवक आणि चेटी म्हणजे दासी. प्राकृतात त्याचे 'चेड' झाले, आणि कोकणीतला चेडो व मालवणीतली चेडू हे त्याच कुळातले. माझे मत असे की चेटूक म्हणजे मुळात दुसऱ्याला आपला चेट करून सोडण्याची विद्या. ज्याच्यावर ते केले, तो स्वतःच्या इच्छेचा धनी उरत नाही. काही जण हा शब्द 'चेतवणे'शी जोडतात. ते मला मुळीच मान्य नाही, कारण 'त'चा 'ट' कसा झाला हे ते सांगत नाहीत आणि चेतवण्यात आग असली तरी ताबा नाही. चेटाची इच्छा किती मोलाची असते, हे शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकात पाहावे: नायिका वसंतसेनेला मारण्याची राजाचा मेहुणा शकार याची आज्ञा त्याचा चेट स्थावरक साफ नाकारतो, धन्याची सत्ता माझ्या शरीरावर आहे, शीलावर नाही, असे म्हणतो आणि त्यासाठी मार खातो.

हा अर्थ मनात धरला की या मालिका निराळ्याच दिसू लागतात. 1964 साली सुरू झालेल्या 'बिविच्ड'मध्ये सॅमँथाच्या अंगी अचाट शक्ती आहे, तरी लग्नानंतर ती वापरायची नाही ही नवऱ्याची अट. म्हणजे चेटूक तिच्याकडे आणि चेटीही तीच. 1997 ते 2003 या काळातल्या 'बफी द व्हँपायर स्लेयर'मध्ये तर रक्तपिपासू पिशाच्चांशी लढणाऱ्या पहिल्या मुलीला पुरुषांनीच साखळदंडाने बांधून तिच्यात राक्षसी शक्ती घातलेली असते, आणि पुढच्या प्रत्येक मुलीवर निरीक्षकांचे मंडळ हुकूम चालवते. ती शक्ती एकीपुरती न ठेवता सगळ्या पात्र मुलींना देऊन टाकणारा मंत्र शेवटच्या भागात म्हणते ती बफीची मैत्रीण विलो, म्हणजे एक चेटकीणच. दास करण्याच्या विद्येने दास्य मोडले, याहून समर्पक उपयोग त्या शब्दाला मिळाला नसता.

राहिला लिंगाचा प्रश्न. माळी-माळीण, वाघ-वाघीण यांप्रमाणे चेटकीणही जोडीतलीच आहे आणि तिचा जोडीदार 'चेटक्या'. पुरुषांना 'मांत्रिक' हा प्रतिष्ठित शब्द मिळाला, म्हणून चेटक्या अडगळीत गेला आणि सगळा कलंक चेटकिणीच्या माथी आला. तेव्हा अनुवादकांनी दोघांनाही मांत्रिक म्हणावे, किंवा ती चेटकीण असेल तर त्यालाही चेटक्या म्हणावे.