"काडीसुद्धा उचलू देत नाही हो, तरी चिडतात"

मी कुटुंबांचं समुपदेशन करते, आणि अपघात झालेल्यांच्या घरच्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं आता मीच बोलून दाखवू शकते. कुणाचा नवरा बाईकवरून पडलेला, कुणाचा मुलगा लोकलमधून, कुणाचे वडील स्लॅबवरून. घरचे सगळं हातात देतात तरी माणूस एकतर खेकसतो नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, मग हळूच विचारतात, मॅडम डोक्यावर परिणाम झाला असेल का? म्हणून एक केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय आणि दहा-बारा भेटींचं चार बोलण्यांत आणलंय.

भोसरीकडचं कुटुंब. तो पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, ऑपरेटर, उजव्या हाताची तीन बोटं मशीनच्या डायखाली गेली. हात बाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, ती बायपास करून प्रेस पायाच्या पेडलवर चालवायची म्हणजे माल जास्त निघतो, हे कितीतरी छोट्या शॉपमध्ये चालतं, आणि हात सापडला की म्हणायचं तुझंच लक्ष नव्हतं. यालाही तेच सांगितलं होतं आणि चार महिन्यांत त्याला स्वतःलाही ते पटलं होतं.

पहिल्यांदा बायको एकटीच आली. ती जेवण भरवायची, शर्टाची बटणं लावायची, शिवाय दोन घरची पोळ्यांची कामं धरलेली. सासूबाई गावाहून आलेल्या, साडेसातीची शांत करून झालेली. मोठ्या मुलीने अकरावीची अ‍ॅडमिशन पुढच्या वर्षावर ढकललेली, कुणी तिला सांगितलंही नव्हतं, तिनेच ठरवलं. मी विचारलं, "ताई, जखम घरात कुणाकुणाला झालीय?" ती म्हणाली, "ह्यांनाच की." आणि हे सांगताना स्वतःचा खांदा चोळत होती.

माझं ट्रेनिंग कुटुंबाबरोबर काम करण्याचं, त्यामुळे एकट्या माणसाला समोर बसवून "पॉझिटिव्ह राहा" वगैरे माझ्याच्याने होत नाही. सगळ्यांनाच बोलावलं. तो आला, हात रुमालात गुंडाळलेला. दोन भेटी जवळजवळ गप्पच. तिसऱ्या भेटीत खाली बघून एवढंच म्हणाला, "नसलेलं बोट दुखतं मॅडम. घरी सांगितलं तर वेडा म्हणतील." हे वेड नाही, गेलेल्या अवयवाचा नकाशा मेंदूत शिल्लक असतो त्यामुळे तिथे खरंच दुखतं, आणि डॉक्टरकडे त्यावर उपाय आहेत, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई रडल्या. मला वाटलं आता गाडी सुटली, पण नाही, पुढच्या भेटीत परत गप्प.

मग बारा वर्षांच्या मुलाला मी सहज विचारलं, शाळेत कसा जातोस?
"चालत."
"सायकल नाही?"
"चेन पडलीय."
त्याचा बाप एकदम मान वर करून म्हणाला, "कधीपासून?"
मुलाने आईकडे बघितलं. "दोन महिने झाले. आई म्हणाली पप्पांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल."

खोलीत कुणी बोलेना. मग तो बायकोला म्हणाला, आवाज चढवून नाही, "बोटं तीन गेली गं. बाकीचा मी आहे ना अजून."

खरं सांगते, मला पेन खाली ठेवावं लागलं. इतकी वर्षं हे काम करतेय पण मलाही नेमकं तेव्हाच उमगलं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेला एक तक्ता आहे, त्यात एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात. सरकारने ३० म्हटलं, घराने प्रेमापोटी १०० करून टाकलं होतं. तो चिडत होता तो हातावर नव्हे, घरातली त्याची जागा पुसली गेली होती त्यावर.

तर ज्यांच्या घरी असं चाललंय त्यांनी आधी एवढंच करा, अपघाताआधी घरातली कुठली कामं त्याची होती ते आठवा आणि त्यातलं एक परत द्या, वेळ लागला तरी लागू दे, मधे हात घालू नका. पैशाचं, कर्जाचं लपवू नका, भिंतींना कान असतात आणि त्याला सगळं कळतंच, फक्त एकट्याला कळतं. भेटायला येणाऱ्यांना दहाव्यांदा "कसं झालं हो" विचारू देऊ नका, प्रत्येक वेळी तो माणूस परत त्या मशीनसमोर उभा राहतो. आणि जी सगळं करतेय तिचा खांदा पण बघा. मुलं अचानक शहाणी झाली तर कौतुक करत बसू नका, काहीतरी सोडलंय त्यांनी. इथे मुलीची अ‍ॅडमिशन परत हातात घेतली हे मी माझं यश मानते, त्याच्या हाताइतकंच. ईएसआयचा, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा असेल तर कामावरच्या अपघातात बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, ठेकेदार टोलवत असेल तरी ईएसआय ऑफिसात स्वतः जाऊन विचारा, पैशाची घुसमट कमी झाली की निम्मी भांडणं आपोआप कमी होतात. महिना उलटून गेला तरी झोप नाही, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येतो, दारू वाढलीय, मरणाची भाषा आहे, तर समुपदेशनावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तो प्रेसवर परत गेला नाही, दुसऱ्या शॉपमध्ये स्टोअर सांभाळतो, डाव्या हाताने लिहायला शिकला, अक्षर आधीपेक्षा बरंय असं बायको म्हणते. सायकलची चेन त्याच संध्याकाळी चढवायला घेतली, दीड तास लागला, सासूबाई दोनदा उठायला गेल्या तर मुलीने त्यांना हात धरून बसवलं. ब्रेक मात्र अजून वाजतो म्हणे.