अकरावी सायन्स सुरू करताना

दहावीचे गुण आता विसर. अकरावीला पहिल्याच चाचणीत गुण घसरले तर घाबरू नकोस, बहुतेकांचे घसरतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अकरावीला 'रेस्ट इयर' मानणं. एमएचटी-सीईटीत (इंजिनीअरिंग-फार्मसीच्या राज्यपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत) अलीकडच्या वर्षांत अकरावीचे प्रश्न साधारण 20 टक्के असतात, बारावीचे 80. पण जेईई (इंजिनीअरिंग) आणि नीट (मेडिकल) या देशपातळीवरच्या परीक्षांत अकरावी पूर्ण लागते. शिवाय सदिश (व्हेक्टर), त्रिकोणमिती आणि मोल संकल्पना कच्ची राहिली की बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री रोज छळतं. या तीन गोष्टी दिवाळीआधी पक्क्या कर, बाकीचं नंतर बघू.

आत्ता एवढंच:

- गणित सोडण्याआधी दहादा विचार कर. मेडिकलचं नक्की नसेल तर पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) ठेव. काम वाढेल, पण इंजिनीअरिंगचा दरवाजा उघडा राहील.
- क्लास लावलास तरी प्रॅक्टिकल बुडवू नकोस. बारावीला फिजिक्समध्ये त्याचेच 30 गुण असतात.
- शिकवलेल्या धड्याची उदाहरणं त्याच आठवड्यात स्वतः सोडव. नुसती उत्तरं वाचून हात बसत नाही.

टेस्ट सिरीज, जाडजूड संदर्भग्रंथ, कटऑफचे तक्ते यांच्या मागे सध्या लागूच नकोस. पाठ्यपुस्तक उघड. अडलं की विचार, नक्की सांगेन.