वाचकांचे प्रश्न : अंदमानला गरवायला जाण्याआधी

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, खोल समुद्रात चार-पाच दिवस बोटीवर राहून फिशिंग, आणि त्यातही अंदमान. हिवाळा आला की बुकिंगची घाई सुरू होते म्हणून सगळे प्रश्न एकत्रच घेतले.

रत्नागिरीहून एक वाचक : आम्ही चौघे मित्र मिऱ्या बंधाऱ्यावर आणि खाडीत गरवतो, जिताडा, तांबोशी, कधी गोबरा मिळतो. फेब्रुवारीत अंदमानला पाच दिवसांची ट्रिप ठरवतोय, जीटी माशासाठी. रॉड-रील कुठलं घ्यायचं? बजेट फार नाही.

दादा, रॉड-रीलचं शेवटी बघू. बजेट फार नाही म्हणताय तर आधी ऑपरेटरला विचारा की भाड्याने रॉड-रील मिळतं का, बरेच जण देतात, आणि चांगलं देतात. म्हणजे जो पैसा तुम्ही महागड्या रीलमध्ये घालणार होता तो लाइन, लीडर (लाइनच्या पुढच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा), हुक आणि स्प्लिट रिंग (आमिषाला हुक अडकवायची कडी) यात घाला, कारण मासा सुटतो तो जवळजवळ नेहमी याच चार ठिकाणी सुटतो. रील मोडून मासा गेला असं क्वचित ऐकाल, स्प्लिट रिंग उघडली, हुक सरळ झाला, गाठ सुटली हे मात्र रोजचं आहे.

जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हॅली. रॉडवर पकडलेला याचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, जपानमधला, २००६ सालचा. अंदमानात वीस-तीस किलोचा लागला तरी तो तुम्ही आजवर बंधाऱ्यावर ओढलेल्या कुठल्याही माशापेक्षा वेगळाच अनुभव असणार आहे, कारण हा मासा प्रवाळाच्या कडेला शिकार करतो आणि हुक लागला की सरळ खाली खडकाकडे सुटतो. पहिल्या दहा सेकंदात त्याला वळवलं नाही तर लाइन प्रवाळावर घासून तुटते, विषय संपला. म्हणून सगळं सामान एवढं जाड लागतं. पॉपिंगसाठी, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरात नकली आमिष फेकून ओढायला, पीई ८ ते पीई १० ब्रेड (विणलेली लाइन, पीई हे तिच्या जाडीचं माप), रीलवर निदान ३०० मीटर, पुढे १५० ते २०० पाउंडाचा लीडर, रॉड साडेसात-आठ फुटी, आणि रील १४००० ते २०००० साइजचं. पॉपर (पाणी उडवत आवाज करणारं नकली आमिष) आणि स्टिकबेट (फार आवाज न करता पोहणारं) दोन्ही ठेवा. समुद्र खवळलेला असला की पॉपरच्या आवाजाने मासा वर येतो, पाणी शांत आणि काचेसारखं असलं की स्टिकबेट जास्त चालतं. लूअर, म्हणजे हे नकली आमिष, कंपनीकडून तीन तोंडी ट्रेबल हुकसकट आलं असेल तर ते काढून जाड सिंगल हुक लावा, आणि पकडीने हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाका, याचं कारण खाली वसईच्या पत्रात लिहिलंय.

जिगिंगसाठी, म्हणजे धातूचं जड आमिष (जिग) तळाला सोडून झटके देत वर आणायला, वेगळा सेट लागेल, पाच-सहा फुटी आखूड रॉड, १५० ते ४०० ग्रॅमचे जिग. कुपा, विशेषतः डॉगटूथ, आणि मोठे हेकरू त्याच्यावर मिळतात.

आता खरी तयारी. ब्रेडला लीडर जोडायची एफजी गाठ आत्तापासून रोज रात्री बांधायला घ्या, टीव्ही बघत बघत बांधा, मग दोघांनी दोन बाजूंनी हाताला कापड गुंडाळून ओढून बघा, घसरली तर परत. हलत्या बोटीवर, ओल्या हाताने, वारा सुटलेला असताना ती गाठ बांधता यायला हवी कारण खलाशी एक आणि तुम्ही चार, प्रत्येकाला तो बांधून देईपर्यंत माशांचं टोळकं निघून गेलेलं असतं. दुसरं, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा रील लाइन किती जोराने धरून ठेवतं ते) अंदाजाने लावू नका, गॅस सिलेंडर मोजतात तसला हुकवाला ताणकाटा आणा, रॉडमधून लाइन काढून काट्याला लावा आणि ओढून आकडा बघा. लाइनच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांश हा नेहमीचा हिशोब, म्हणजे पीई ८ ला बारा ते पंधरा किलो. पंधरा किलो ड्रॅग कागदावर काही वाटत नाही पण उभं राहून ओढलात की कळेल कंबर कुठे आहे ते.

त्यावरूनच सांगतो, शरीर. दीडशे ग्रॅमचा पॉपर दिवसभर फेकायचा आणि प्रत्येक वेळी झटके देत ओढायचा, सकाळी पाचपासून. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला पण घड्याळ एकच, त्यामुळे पाच-सव्वापाचला उजाडायला लागतं आणि थंडीच्या दिवसांत साडेपाचच्या आत अंधार. दुसऱ्या दिवशी दुपारी खांदे गेले की तिसऱ्या दिवशी चांगल्या जागेवर पोहोचूनही फेकता येत नाही आणि हे मी फार लोकांचं होताना बघितलंय. आजपासून स्क्वॉट, प्लँक, पाठीचे व्यायाम, आणि रविवारी मिऱ्यावर जाल तेव्हा मासा लागो न लागो, जड लूअर तासभर सलग फेका.

ठाण्याहून एक वाचक : मला गेटवे ते मांडवा फेरीतसुद्धा बोट लागते. नवरा आणि मी दोघंही फिशिंग करतो, त्याला लाइव्हअबोर्ड (बोटीवरच राहायची ट्रिप) करायचीय, मी जाऊ की नको?

ताई, जा. बोट लागणं हा काही कमकुवतपणा नाही, कानातला तोल आणि डोळ्यांना दिसणारं यांचा मेळ बसत नाही म्हणून ते होतं, आणि बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत शरीर जुळवून घेतं. पण पाच दिवसांच्या ट्रिपमधले पहिले दोन दिवस ओकण्यात घालवणं परवडणारं नाही, म्हणून तयारीने जा.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नसतो, पोटात टिकतच नाही. अव्होमिनसारखी गोळी आदल्या रात्री आणि निघायच्या आधी घेतात, पण कुठली, किती आणि तुम्हाला चालेल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, बीपी, काचबिंदू किंवा आणखी काही औषधं चालू असतील तर नक्कीच. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी सुट्टीच्या दिवशी एकदा घेऊन बघा. दारूबरोबर अजिबात नको. ट्रिपच्या आधी मांडव्याची फेरी मुद्दाम दोन-चारदा करा, गोळी घेऊन, बाहेर डेकवर उभं राहून, नजर क्षितिजावर ठेवून.

बोटीवर डिझेलच्या धुरापासून लांब, मधल्या भागात बसा, तिथे हेलकावे कमी बसतात. केबिनमध्ये खाली मान घालून गाठी बांधत बसू नका, सगळ्या गाठी आदल्या रात्री धक्क्यावर बांधून ठेवा. रिकाम्या पोटीही नको आणि तेलकटही नको, पोळी, केळं, भात, आणि खिशात आलेपाक. आल्याने खरंच बरं वाटतं.

बुक करताना एक मात्र विचारा. काही बोटी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर परत येतात आणि तुम्ही जमिनीवर झोपता, काही पाचही दिवस समुद्रातच. पहिल्या वेळेला माझं मत रोज परत येणारी घ्या असं आहे. लांबच्या जागा मिळत नाहीत हे खरं पण रात्री झोप मिळते. बाथरूम कसं आहे, दार बंद होतं का, हेही मोकळेपणाने विचारा, पाच दिवसांचा प्रश्न आहे.

मालवणहून एक ज्येष्ठ वाचक : आम्ही तिथीवरून भरती काढतो. अंदमानात तोच हिशोब चालेल काय? आणि कुठल्या तिथीला जाणं बरं?

काका, तिथीची पाऊणपट हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, अष्टमीला सहाची भरती वगैरे. तिकडे तो लागू होणार नाही, भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत, पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल घ्यावं लागेल. (शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय पण बरेच लोक अजून जुनंच म्हणतात.) पण उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (छोटी भरती-ओहोटी) तुमच्या हाडात मुरलेलं आहे ते तिथेही कामाला येईल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे कुठेही तेच.

पाणी चढण्या-उतरण्यातला फरक तिथे मुंबईच्या निम्म्याच्याही आत आहे, उधाणाला साधारण दोन मीटर. त्यावरून ओढ कमी असेल असं मात्र समजू नका, दोन बेटांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आणि प्रवाळाच्या टोकाला पाणी जबरदस्त धावतं आणि जीटी नेमका तिथेच तोंड वर करून उभा असतो. त्यामुळे पॉपिंगवाले उधाणाच्या तारखा मागतात. जिगिंगला उलट, फार ओढ असली तर जिग तळाला पोचतच नाही, बोटीखालून वाहून जातो. दोन्ही करायचं असेल तर पौर्णिमेपासून पुढचे पाच दिवस असं काहीतरी धरा.

महिन्यांचं म्हणाल तर जानेवारी ते एप्रिलची सुरुवात समुद्र त्यातल्या त्यात शांत. ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने, मेच्या उत्तरार्धात पाऊस. आणखी एक, पूर्व किनाऱ्याची मासेमारी बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, आपल्यासारखी १ जून ते ३१ जुलै नाही, आणि त्यात अंदमान-निकोबारही येतं. त्या काळात कोणी तारीख देत असेल तर कुठल्या परवानगीवर, हे लेखी विचारा.

पुण्याहून एक वाचक : विमानात रॉड कसे न्यायचे? आणि समुद्रात नेटवर्क नसतं म्हणून मित्र दुबईहून सॅटेलाइट फोन आणतोय, चालेल ना?

सॅटेलाइट फोन अजिबात नको. भारतात सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे, विमानतळांवर यावरून लोकांना अटक झालीय, परदेशी पाहुण्यांनाही. सॅटेलाइटवरून मेसेज करणारी ती छोटी ट्रेकिंगची यंत्रंसुद्धा त्यातच येतात. मित्राला आजच फोन करून सांगा. संपर्काची सोय बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर असते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा की चार-पाच दिवस फोन लागणार नाही.

रॉडसाठी जाड पीव्हीसी पाइपचा ट्यूब, दोन्ही टोकांना फोम, सगळ्यांचे रॉड एकत्र बांधून एकाच ट्यूबमध्ये. लांबीची मर्यादा प्रत्येक विमान कंपनीची वेगळी आहे, तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा, कनेक्टिंग विमान असेल तर दोन्हींचं. दोन-तीन तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड घेतलात तर ही कटकटच नाही. हुक, पकड, सुरी चेक-इनमध्ये, पॉवर बँक केबिनमध्येच, रील मी तरी हातातच नेतो. देशांतर्गत चेक-इन साधारण पंधरा किलो असतं आणि जिग म्हणजे शिसंच, त्यामुळे चौघांत वाटून घ्या.

वसईहून एक वाचक : एवढा खर्च करून जायचं आणि मासा सोडून द्यायचा? आमच्या घरात हे कोणाला पटतच नाही.

पटत नाही हे समजू शकतो, आपण मासे खाणारी माणसं. आणि खायला एखादी सुरमई किंवा लहान कुपा ठेवायला बहुतेक बोटींवर कोणी नाही म्हणत नाही, संध्याकाळी तिथेच कालवण होतं. पण मोठा जीटी सोडायचाच. एक तर तो मोठा व्हायला कितीतरी वर्षं जातात, आणि मोठी मादी म्हणजे पुढच्या पिलांची भांडवलाची रक्कम. दुसरं, हे मासे ठरावीक प्रवाळांवर राहतात, एका जागेवरून दहा मोठे मासे काढले की ती जागा मोकळी होते, मग तुमच्या मुलाला तिथे काय मिळणार?

सोडणं म्हणजे पाण्यात फेकणं नव्हे. गॅफ (मासा वर ओढायचा आकडा) मारायचा नाही. कल्ल्यात हात घालून उभा लटकवायचा नाही, फोटोसाठी आडवा धरायचा, एक हात शेपटीशी आणि एक पोटाखाली, हात ओले. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा आधी तयार ठेवायचा, मासा वर आल्यावर मोबाइल शोधायचा नाही. काटा दाबलेला सिंगल हुक क्षणात निघतो आणि तुमच्या किंवा खलाश्याच्या हातात घुसला तरी तसाच निघतो. (धनुर्वाताचं इंजेक्शन जाण्याआधी घेऊन ठेवा.) मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा, तो स्वतःहून शेपटी मारून निघाला की सोडा.

खोलातून जिगवर आलेल्या हेकरू-तांबोशीचं वेगळं आहे. वर येताना दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर दिसतं. असा मासा वरवर सोडला तर तरंगत मरतो. ते जठर टोचू नका, वजन लावून मासा परत खाली नेऊन सोडायचं साधन मिळतं, बोटीवर आहे का विचारा. नसेल तर खाण्यापुरते मिळाले की त्या खोलीवरचं जिगिंग थांबवा, सोडायचे म्हणून पन्नास काढण्यात काही अर्थ नाही.

डोंबिवलीहून एक आई : मुलगा मित्रांबरोबर चाललाय. त्याला नाही म्हणणार नाही, पण मी नेमकं काय विचारायला हवं?

फार बरं झालं तुम्ही लिहिलंत, कारण मुलं लूअरचे रंग विचारतात आणि हे विचारत नाहीत. बोटीला इंजिनं दोन आहेत का. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट आहे का, नुसतं खाली पेटीत ठेवलेलं नको. व्हीएचएफ रेडिओ चालतो का आणि तांडेलाशिवाय (बोट चालवणाऱ्या प्रमुखाशिवाय) आणखी कोणाला तो वापरता येतो का. बोट प्रवाशांसाठी नोंदणीकृत आहे का, विमा आहे का. कुठल्या भागात जाणार याचा कागद धक्क्यावर कोणाकडे असतो. मुलं बॅरन बेटाचं म्हणत असतील, तिथे जिवंत ज्वालामुखी आहे आणि बेटावर उतरायला बंदी आहे, बोट लांबूनच फिशिंग करते, ऑपरेटरकडे परवानगी हवी. उत्तर सेंटिनल बेटाच्या चहूबाजूंनी पाच सागरी मैल कोणीच जायचं नाही, वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात गळ टाकायचा नाही. प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून आणले तर विमानतळावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मुलाला तुम्हीच सांगा.

ऑपरेटर या प्रश्नांना वैतागला तर बोट बदला. आणि तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा नंबर १५५४, तो तुमच्या फोनमध्ये बोटीच्या नावासकट आणि परत यायच्या तारखेसकट लिहून ठेवा.